दिव्याचा द्राविडी प्राणायाम

दिवाणखान्यातला दिवा लावण्याची जुनी रीत अशी होती, की माणूस भिंतीपर्यंत चालत जाई, बटण दाबी, आणि भिंतीतल्या काही फूट तांब्याच्या तारेतून वीज दिव्यापर्यंत पोहोचून उजेड पडे. या व्यवहारात माणूस, बटण, तार आणि दिवा एवढेच पक्षकार असत, आणि दिवा न लागल्यास दोष कोणाचा हे ठरवायला वायरमनला एक टेस्टर पुरत असे. इंटरनेटला जोडलेल्या दिव्याची रीत याहून पुष्कळ विस्तृत आहे. सोफ्यावर बसलेला गृहस्थ टेबलावरच्या स्पीकरला उद्देशून हुकूम सोडतो. स्पीकरमधली चिप आपले नाव घेतले गेले एवढेच ओळखते आणि पुढचा आवाज राउटरकडे, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना एकाच जोडणीतून इंटरनेटवर नेणाऱ्या पेटीकडे, सोपवते. तेथून तो स्पीकर विकणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे दूरवरून येणाऱ्या मागण्या पुरवण्यासाठी अहोरात्र चालू ठेवलेल्या संगणकावर, जाऊन पोहोचतो. तेथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लावला जातो, आणि तो अर्थ दिवा बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला कळवला जातो, जो बहुधा वेगळ्या मालकाचा, वेगळ्या इमारतीतला आणि पुष्कळदा वेगळ्या देशातला असतो. हा दुसरा सर्व्हर आपल्या दप्तरात पाहून हुकूम कोथरूडच्या दिव्याला लागू आहे की डोंबिवलीच्या याची खात्री करून घेतो आणि निरोप उलट धाडतो. निरोप त्याच राउटरवर येतो, आणि राउटर तो दिव्याच्या कानी घालतो. एवढा सारा द्राविडी प्राणायाम साधारण एक-दोन सेकंदांत आटोपतो आणि दिवा लागतो. दिवा सोफ्यापासून चार पावलांवर असतो.

न्यायाने सांगायचे तर २०२२ साली आलेल्या ‘मॅटर’ या सामायिक नियमावलीने उपकरणांना घरातला निरोप घरातल्या घरात पोहोचवण्याची सोय करून दिली आहे. परंतु स्वस्त दिव्यांपैकी पुष्कळांना परदेशवारी केल्यावाचून अजून उजेड पाडता येत नाही.

या व्यवस्थेला आळशी गृहस्थांचे चोचले म्हणून निकालात काढणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण तिचा उगम पाय वाचवण्यातच झाला असला तरी ते पाय विद्वानांचे होते. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक विभागात कोका-कोलाच्या बाटल्या विकणारे एक यंत्र होते, आणि जिने-कॉरिडॉर ओलांडून तेथवर जावे तर ते रिकामे निघावे किंवा नुकत्याच भरलेल्या कोमट बाटल्या हाती याव्यात, असा अनुभव तेथील मंडळींना वारंवार येत असे. १९८२ च्या सुमारास त्यांनी यंत्रावरच्या लहान दिव्यांच्या तारा विभागाच्या संगणकाला जोडल्या. बाटली विकली गेली की दिवा क्षणभर लुकलुके, रांग रिकामी झाली की लागलेलाच राही, आणि या लुकलुकण्यावरून कोणत्या रांगेत बाटल्या आहेत व त्या भरून किती वेळ झाला याचा हिशेब संगणक ठेवी. तीन तास झालेली बाटली थंड समजावी असा नियम ठरला. संरक्षण खात्याच्या पैशातून उभारलेल्या त्या काळच्या संगणकजाळ्यावरून कोणालाही ही चौकशी करता येत असे, म्हणजे शेकडो मैलांवरच्या प्राध्यापकालाही पिट्सबर्गची बाटली गार झाल्याचे कळू शके. ती प्यायला मात्र येणे भाग होते.

पुढची पायरी टोस्टरने गाठली. १९९० साली अमेरिकेतल्या ‘इंटरॉप’ या संगणकजाळ्यांच्या प्रदर्शनात जॉन रॉम्की यांनी इंटरनेटवरून चालू-बंद होणारा टोस्टर मांडला, आणि तो किती वेळ चालू ठेवायचा यावर पाव किती खरपूस होणार हे ठरत असे. पाव मात्र हातानेच घालावा लागे. म्हणजे टोस्टरपर्यंत चालत गेलेल्या माणसाने तेथे बटण न दाबता परत संगणकापाशी येऊन ते दाबावे, अशी ती प्रगती होती. ही उणीव जाणकारांच्या नजरेतून सुटली नाही, आणि दुसऱ्या वर्षी पाव उचलून टोस्टरमध्ये सोडणारी एक छोटी क्रेन त्याला जोडण्यात आली. त्याच सुमारास, १९९१ मध्ये, केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखून त्याचे करड्या रंगातले चित्र सर्वांच्या संगणकावर दिसेल अशी सोय झाली, कारण इमारतीच्या इतर भागांतून जिने ओलांडून आलेल्या संशोधकांना भांडे रिकामे सापडत असे. १९९३ मध्ये हे चित्र वर्ल्ड वाइड वेबवर आले, आणि त्या कॉफीचा एक घोटही ज्यांच्या वाट्याला येण्याचा संभव नव्हता असे जगभरचे असंख्य लोक एका भांड्यात कॉफी आहे की नाही हे एकाग्र चित्ताने पाहू लागले. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला तेव्हा ‘डेर श्पीगल’ या जर्मन नियतकालिकाने ते भांडे लिलावात ३,३५० पौंडांना घेतले. भरलेले असताना त्याला इतकी किंमत कधीच आली नव्हती.

या प्रकाराला ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’, म्हणजे वस्तूंचे इंटरनेट, हे नाव १९९९ मध्ये केविन ॲश्टन यांनी दिले. ते तेव्हा प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत होते आणि लिपस्टिकची एक विशिष्ट तपकिरी छटा दुकानांच्या फळ्यांवरून सतत का संपलेली असते या चिंतेने ग्रासलेले होते. वस्तूलाच चिप लावली तर ती आपण संपल्याचे स्वतः कळवील, असा त्यांचा विचार होता. बाटली, कॉफी आणि लिपस्टिक या तिन्ही उदाहरणांतून एक गोष्ट लक्षात येते, जी नंतरच्या जाहिरातींत हरवली: जोडलेली वस्तू आपले मूळ काम पूर्वीपेक्षा चांगले करतेच असे नाही, ती त्या कामाची खबर देते. बाटली जोडल्याने अधिक गार होत नाही आणि दिवा जोडल्याने अधिक उजेड देत नाही. तेव्हा अशा वस्तूची योग्यता ठरवायची तर तिने दिलेली खबर कोणाला हवी होती, हे आधी पाहिले पाहिजे.

मराठी मध्यमवर्गीय घरात हे पाहण्याची वेळ येते ती वस्तूच्या स्थापनेनंतर, आणि स्थापना हा स्वतंत्र विधी आहे. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात, २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो आणि भिंती ओलांडतो, तर ५ गीगाहर्ट्झचा पट्टा वेगवान परंतु भिंतीपुढे हात टेकणारा असतो. स्वस्त उपकरणांना बहुधा पहिलाच पट्टा कळतो, आणि घरातला मोबाईल नेमका दुसऱ्यावर बसलेला असतो, त्यामुळे दोघेही एकाच खोलीत एकमेकांसमोर असून बोलत नाहीत, ही स्थिती काही कुटुंबांना परिचयाची असली तरी तंत्रज्ञांना ती समजावून सांगावी लागते. मग ॲप उतरवणे, खाते उघडणे, ओटीपी येणे, ओटीपी ज्या मोबाईलवर आला तो स्वयंपाकघरात चार्जिंगला असणे, तो आणेपर्यंत ओटीपीची मुदत संपणे, असे उपचार क्रमाने पार पडतात. शेवटी दिवा लुकलुकून जोडला गेल्याची खूण देतो आणि सगळे घर टाळ्या वाजवते. साध्या दिव्याच्या नशिबी हा मान कधी आला नाही.

या दिव्याचा पहिला पराभव दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला येणाऱ्या मावशींच्या हातून होतो. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करावे ही त्यांची आयुष्यभराची शिस्त असते, आणि बटण बंद झाले की दिव्याची वीज तुटते, वीज तुटली की त्याच्यातला वायफायचा भाग बंद पडतो, आणि मग जगातल्या कोणत्याही सर्व्हरचा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ऑफिसातून ॲप उघडणाऱ्या मालकाला ‘उपकरण ऑफलाइन आहे’ एवढेच वाचायला मिळते. यावर सर्वत्र एकच उपाय निघालेला दिसतो, तो म्हणजे बटणावर ‘हे बटण बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवणे. बटणाला हात न लावता दिवा लागावा म्हणून ज्या घराने पैसे मोजले, त्या घराला बटणाला हात लागू नये म्हणून चिकटपट्टीचाही खर्च पडतो. दुसरा पराभव महावितरणकडून होतो. लाइट गेल्यावर पंखा आणि ट्यूबलाइट इन्व्हर्टरवर चालतात, पण राउटर इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्यायचा राहून गेलेला असतो, आणि मग वीज असूनही दिवा हुकूम घेत नाही. रात्री तीनला लाइट परत येते तेव्हा घरातले इन्व्हर्टरवर नसलेले असे सगळे दिवे एकदम लखलखतात, कारण भिंतीवरचे बटण वापरणाऱ्यालाही उजेड मिळावा या सद्हेतूने ‘वीज आली की लागावे’ हीच मूळ सवय पुष्कळ कंपन्यांनी त्यांना लावून दिलेली असते. त्या वेळी उठून बसलेल्या कुटुंबाला या हेतूचे कौतुक वाटेलच असे सांगता येत नाही.

कॅमेऱ्याची गोष्ट निराळी आहे, कारण त्याने दिलेली खबर खरोखरच कोणाला तरी हवी असते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आईवडील आणि न्यू जर्सीत मुलगा, अशा कुटुंबांत चोरांसाठी म्हणून बसवलेला कॅमेरा फार लवकर आईवडिलांवर स्थिरावतो. चोर क्वचितच येतात. आईवडील रोज असतात. अमेरिकेत रात्र होते तेव्हा येथे सकाळ असते, आणि झोपण्यापूर्वी मोबाईल पाहणाऱ्या मुलाचा फोन येतो: “आई, बाबांनी सकाळची गोळी घेतली का गं?” “घेतली रे.” “मग ती टेबलावर डबीशेजारीच कशी दिसतेय?” माया आणि पाळत यांच्यामधली रेषा कुठे आहे हे समाजशास्त्राने सावकाश ठरवावे, जोवर ते ठरत नाही तोवर अशा आईवडिलांनी कॅमेऱ्याच्या कक्षेत न येणारा घरातला एकमेव कोपरा, जो बहुधा देवघराशेजारी निघतो, शोधून ठेवलेला असतो आणि सूनबाईविषयीची सर्व महत्त्वाची चर्चा तेथे उभ्याने होते.

टीव्हीचे मात्र इतके सोज्वळ नाही. विझिओ या अमेरिकन कंपनीचे टीव्ही प्रेक्षक काय पाहतात याची क्षणाक्षणाची नोंद करून ती पुढे विकत असल्याचे उघड झाल्यावर २०१७ मध्ये तिला २२ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावे लागले. असे टीव्ही सुमारे १ कोटी १० लाख होते. म्हणजे माणसे टीव्ही पाहत आहेत अशा समजुतीत असताना टीव्ही माणसे पाहत होता, आणि दोघांपैकी पैसे फक्त त्याच्याच बाजूला मिळत होते.

जोडलेल्या वस्तूची सूत्रेच नको त्याच्या हाती गेली तर काय होते, याचा धडा २०१६ मध्ये मिळाला. ‘मिराय’ नावाची एक प्रणाली इंटरनेटवर फिरून घरोघरचे कॅमेरे, त्यांचे चित्रण साठवणाऱ्या पेट्या आणि राउटर शोधी आणि त्यांच्यावर कारखान्यातून येणाऱ्या वापरकर्तानाव व परवलीचा शब्द यांच्या साठेक जोड्या वापरून पाही. मालकांनी ‘ॲडमिन’ हा परवलीचा शब्द बदललेला नसल्याने दारे आपोआप उघडत. अशी लाखभर उपकरणे ताब्यात आली, की त्यांना एकाच वेळी एकाच सर्व्हरवर चौकशीचा भडिमार करायला लावायचे, म्हणजे तो खऱ्या गिऱ्हाइकांना उत्तर देऊ शकत नाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या ‘डाइन’ या अमेरिकन कंपनीवर असा हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय यांच्यासारख्या सेवा अमेरिकेच्या पूर्व भागात कित्येक तास मिळेनाशा झाल्या. मूळ प्रणाली लिहिणारे तीन तरुण होते, तिचा एक प्रमुख उद्देश ‘माइनक्राफ्ट’ या खेळाचे प्रतिस्पर्ध्यांचे सर्व्हर बंद पाडणे हा होता, आणि तिची संहिता त्यांनीच उघड्यावर टाकल्यानंतर ती कोणाच्याही हाती गेली. हल्ल्यात भाग घेतलेल्या कॅमेऱ्यांच्या मालकांना मात्र काहीच जाणवले नाही. त्यांच्या अंगणावर नजर ठेवण्याचे काम कॅमेरे सचोटीने करतच होते. कारखान्यातून एकच एक परवलीचा शब्द घालून उपकरणे विकण्यास ब्रिटनमध्ये बंदी आली ती २९ एप्रिल २०२४ पासून.

दूरच्या सर्व्हरवर विसंबण्याचे इतरही परिणाम नोंदले गेले आहेत. घरातली उपकरणे चालवणारा ‘रिव्हॉल्व’ नावाचा एक डबा आजीवन सेवेच्या आश्वासनासह विकला गेला होता. तो बनवणारी कंपनी ‘नेस्ट’ या दुसऱ्या कंपनीने २०१४ मध्ये विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याचे सर्व्हर बंद करण्यात आले, तेव्हा आजीवन या कलमातले आयुष्य ग्राहकाचे नसून कंपनीचे असते, हा खुलासा झाला. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या सर्व्हर-केंद्रांत बिघाड झाला, त्या वेळी अमेरिकेत इंटरनेटवरून तापमान राखणाऱ्या काही महागड्या गाद्या तापल्या आणि काही डोक्याकडून उचललेल्या स्थितीत अडकून पडल्या. झोपण्यासाठी व्हर्जिनियाची अनुमती लागते हे त्या गाद्यांच्या मालकांना त्या रात्री जागेपणी कळले.

या सर्व वस्तूंच्या मानाने ज्या एका वस्तूने भारतात खरोखर संसार थाटला, तिचा उल्लेख सुखवस्तू घरांच्या चर्चेत सहसा होत नाही, कारण ती वडापावच्या गाडीवर टांगलेली असते. पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा हा डबा २०१९ च्या सुमारास बाजारात आला. त्याच्यात स्वतःचे सिमकार्ड, बॅटरी आणि स्पीकर असतो, त्यामुळे त्याला ना राउटर लागतो ना दुकानदाराचा मोबाईल. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करते तेव्हा त्याची बँक, २०१६ पासून यूपीआय चालवणारे राष्ट्रीय देयक महामंडळ आणि दुकानदाराची बँक यांच्यात निरोपांची देवाणघेवाण होते, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जातात, आणि मग पेमेंट कंपनीचा सर्व्हर मोबाईल कंपनीच्या मनोऱ्यामार्फत डब्याला रक्कम कळवतो. डबा तेवढा आकडा आपल्या आवाजात उच्चारतो: “चाळीस रुपये प्राप्त झाले.” येथे प्राणायाम दिव्याहून कमी नाही, परंतु खबर ज्याला हवी त्यालाच, हवी तेव्हा मिळते. वडे तळणाऱ्याचे हात बेसनाने माखलेले असतात, भाजीवाल्या मावशींचे ओले असतात, आणि पैसे पाठवल्याचे खोटे चित्र मोबाईलवर दाखवून चालते होणारे गिऱ्हाईकही असते. अशा माणसाला पडदा नको, कानावर पडणारा शब्द हवा. पैसे आल्याचे कळायला दुकानदाराला ना ॲप उघडावे लागते ना परवलीचा शब्द आठवावा लागतो. या डब्यासाठी तो दरमहा भाडे भरतो आणि बहुधा कुरकुर न करता भरतो, जे घरातल्या जोडलेल्या दिव्याविषयी कोणी म्हणू शकणार नाही.

समाजावर या डब्याचा जो परिणाम झाला तो त्याच्या निर्मात्यांनी योजलेला नव्हता. पैशाचा आकडा चारचौघांत मोठ्याने उच्चारू नये, हा मराठी पांढरपेशा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. लग्नातले आहेराचे पाकीट चिकटवून द्यायचे, पगार विचारायचा नाही, आणि साडीची किंमत सांगायची ती नणंदेला वाढवून व सासूला कमी करून. डब्याला यातले काहीच ठाऊक नाही. पानटपरीवर त्याने उच्चारलेल्या रकमेवरून गिऱ्हाइकाने बडीशेप घेतली की सिगारेट, हे शेजारी उभ्या असलेल्या काकांना लगेच कळते. दानपेटीशेजारी क्यूआर कोड आणि डबा दोन्ही असतील तर गुप्तदान अशक्य होते, आणि अकरा रुपये पाठवणाऱ्या भक्ताला आपल्यामागच्या रांगेतल्या भक्ताचे एकशे एक ऐकून पाय काढता घ्यावा लागतो. याच डब्याने एक शैक्षणिक कार्यही बिनबोभाट चालवले आहे, ज्याकडे शिक्षणतज्ज्ञांचे लक्ष गेलेले नाही: इंग्रजी शाळेतली मुले ‘एकोणसाठ’ म्हणजे किती हे आता वाण्याच्या दुकानात शिकतात.

आता पाळी विजेच्या मीटरची आहे. महाराष्ट्रात प्रीपेड स्मार्ट मीटरला मोठा विरोध झाल्यावर ते सामान्य ग्राहकांकडे बसवणार नाही असे २०२४ मध्ये सरकारने जाहीर केले, आणि त्यानंतर बिल नंतरच येणारे, पण वापराची नोंद वेळेनुसार ठेवून ती स्वतः कळवणारे टीओडी मीटर बसू लागले. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेला त्यामुळे सवलतीचा दर लागतो, कारण सौरऊर्जा त्या वेळात मुबलक असते. नवराबायको दोघेही नोकरी करतात त्या घरात ही सवलत रिकाम्या घराला मिळते. तेव्हा ऑफिसातून चालू करता येणाऱ्या वॉशिंग मशीनला प्रथमच एक सबळ कारण सापडले आहे असे म्हणता येईल, मात्र त्यात सकाळी कपडे टाकणे आणि धुतलेले कपडे संध्याकाळपर्यंत आंबण्याआधी वाळत घालणे, ही दोन्ही कामे माणसाकडेच राहिली आहेत. त्यासाठी क्रेन अजून बाजारात आलेली नाही.

तोवर इंटरनेटला जोडलेली कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी वाचकांनी दुकानदाराला एवढेच विचारावे, की इंटरनेट बंद असताना ही काय करते, हिची कंपनी बंद पडल्यावर काय करते, आणि हिने गोळा केलेली खबर कोणाकडे जाते. आणि तिन्ही उत्तरे मिळेपर्यंत काउंटरवरच्या डब्याला बोलण्याची संधी देऊ नये.